जादा कामाचे दुप्पट वेतन : कायद्यातील फेरबदल आणि कामगारांचा हक्क

कारखान्यातील कामगाराने ठराविक वेळेपलीकडे काम केल्यास त्या कामाचे वेतन साध्या दराच्या दुप्पट द्यावे, हा नियम १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ५९ व्या कलमाने घालून दिला. दिवसाचे नऊ तास किंवा आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास ओलांडले गेले की हा दर लागू होई. या नियमाकडे सामान्यतः वेतनाचा नियम म्हणूनच पाहिले जाते. वस्तुतः त्याचे कार्य दुहेरी आहे. थकलेल्या शरीराकडून घेतलेल्या श्रमाची भरपाई करणे हे त्याचे एक अंग; आणि असे श्रम मालकास महाग पडतील अशी तजवीज करून कामाचा दिवस आटोक्यात ठेवणे हे दुसरे. पहिले अंग कामगाराच्या खिशाशी संबंधित आहे, दुसरे त्याच्या आयुष्याशी. शासनाने धोरणात एखादा बदल केला तर तो या दोहोंपैकी कोणत्या अंगावर आघात करतो हे पाहिल्यावाचून त्या बदलाचे मोल ठरविता येत नाही. दर दुप्पटच ठेवूनही हक्क कसा क्षीण होऊ शकतो, हे गेल्या काही वर्षांतील घडामोडींवरून स्पष्ट होते.

या नियमास येण्यास बराच काळ लागला. १८८१ चा पहिला कारखाने कायदा केवळ मुलांपुरता होता. प्रौढ पुरुषाच्या दिवसास त्यात काहीच सीमा नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांच्या वतीने जी मागणी पुढे मांडली तिचा रोख साप्ताहिक सुटी, दुपारची विश्रांती आणि वेळेवर वेतन यांवर होता. जादा वेतनाचा प्रश्न तेव्हा उद्भवतच नव्हता. कारण जेथे कामाची वेळच ठरलेली नाही तेथे जादा म्हणजे काय याचे मापही नाही. गिरण्यांत विजेचे दिवे आल्यावर तर सूर्यास्ताची नैसर्गिक मर्यादाही गळून पडली आणि विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत लांबला. १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांतील पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा प्रथम घातली. १९१९ च्या वॉशिंग्टन येथील आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेने दिवसास आठ व आठवड्यास अठ्ठेचाळीस तास आणि जादा कामास निदान सव्वापट वेतन असे प्रमाण ठरविले. परंतु हिंदुस्थानास त्याच करारात साठ तासांच्या आठवड्याची वेगळी सवलत देण्यात आली. १९२१ मध्ये हिंदुस्थानने तो करार मान्य केला आणि १९२२ च्या कायद्यात अकरा तासांचा दिवस व साठ तासांचा आठवडा आला. १९३४ च्या कायद्याने बारमाही कारखान्यांचा आठवडा चौपन्न तासांवर आणला. अठ्ठेचाळीस तासांच्या आठवड्याचे दुरुस्ती-विधेयक १९४६ मध्ये आले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते, व विधिमंडळात त्यांनीच ते मांडले. १९४८ च्या कायद्याने हे सर्व एकत्र करून दुप्पट दराचे कलम कायम केले.

साठ, चौपन्न व अठ्ठेचाळीस हे तीन आकडे ध्यानात ठेवण्याजोगे आहेत. पुढील विवेचनात ते पुन्हा येतील.

५९ व्या कलमातील 'साधा दर' या शब्दांची व्याख्या कायद्याने स्वतःच केली होती. मूळ वेतन आणि कामगारास त्या वेळी मिळणारे भत्ते, सवलतीच्या दराने मिळणाऱ्या धान्याची रोख किंमतसुद्धा, एवढे सर्व त्यात येई. वगळलेल्या गोष्टी दोनच, बोनस आणि खुद्द जादा कामाचे वेतन. नगावर काम करणाऱ्यासाठी लगतच्या महिन्यातील पूर्णवेळ कामाच्या दिवसांची सरासरी कमाई धरावी असे म्हटले होते. व्याख्या अशी व्यापक ठेवण्याचे कारण उघड आहे. पाया अरुंद केला तर त्यावरील दुप्पट ही नावापुरतीच उरते. याचबरोबर ६४ व ६५ या कलमांनी जादा कामास वरची सीमाही घातली होती. जादा काम धरूनही आठवड्याचे तास साठाहून अधिक होऊ नयेत, आणि तिमाहीतील एकूण जादा काम पन्नास तासांपेक्षा, विशेष आदेशाने वाढविल्यास पंचाहत्तर तासांपेक्षा, पुढे जाऊ नये. हे आकडे अधिनियमाच्या संहितेतच लिहिलेले होते ही गोष्ट महत्त्वाची आहे. ते बदलावयाचे तर विधिमंडळासमोर जावे लागे. आणि विषय समवर्ती सूचीतील असल्याने राज्याच्या दुरुस्तीस राष्ट्रपतींची अनुमती घ्यावी लागे.

या चौकटीवर पहिला मोठा आघात २०२० मध्ये झाला. साथीच्या काळात अनेक राज्यांनी अधिसूचना काढून कामाच्या तासांत वाढ केली. त्यांतील गुजरात राज्याची १७ एप्रिल २०२० ची अधिसूचना अभ्यासकाने मुळातून वाचावी अशी आहे. कारखाने अधिनियमाच्या ५ व्या कलमाचा आधार घेऊन तिने २० एप्रिल ते १९ जुलै या तीन महिन्यांसाठी कारखान्यांना सूट दिली. दिवस बारा तासांचा व आठवडा बहात्तर तासांचा करण्यात आला आणि वेतन प्रमाणशीर असेल असे सांगण्यात आले. प्रमाण म्हणजे काय तेही उदाहरणाने दिले होते. आठ तासांस ऐंशी रुपये मिळत असतील तर बारा तासांस एकशेवीस. पुढे तिची मुदत आणखी तीन महिन्यांनी वाढविण्यात आली.

हे उदाहरण दिसावयास निरुपद्रवी आहे. तास दीडपट, वेतनही दीडपट. यात अन्याय तो कोणता, असे वाटणे शक्य आहे. पण हिशेब मांडून पाहावा. तासास दहा रुपये दराने अधिसूचनेप्रमाणे बहात्तर तासांचे सातशेवीस रुपये होतात. ५९ व्या कलमाप्रमाणे पहिल्या अठ्ठेचाळीस तासांचे चारशेऐंशी आणि उरलेल्या चोवीस तासांचे वीस रुपये दराने चारशेऐंशी, असे नऊशेसाठ रुपये होतात. म्हणजे आठवड्यास दोनशेचाळीस रुपये, कायद्याने देय असलेल्या रकमेचा बरोबर चौथा हिस्सा, कामगाराच्या वाट्यातून गेला. शिवाय जादा काम महाग पडावे हे जे कलमाचे दुसरे अंग, तेही नाहीसे झाले. बारावा तास मालकास पहिल्या तासाच्याच भावात मिळू लागला, आणि नवीन माणूस घेण्यापेक्षा आहे त्यालाच अधिक राबविणे सोईचे ठरले. बेकारी शिगेस पोहोचली असताना असे व्हावे हा विपर्यासच म्हटला पाहिजे.

गुजरात मजदूर सभा व आणखी एका कामगार संघटनेने या अधिसूचनांना सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. न्या. धनंजय चंद्रचूड, न्या. इंदू मल्होत्रा व न्या. के. एम. जोसेफ यांच्या पीठाने १ ऑक्टोबर २०२० रोजी त्या रद्द केल्या. निर्णयाचा कायदेशीर आधार काहीसा मर्यादित होता. ५ व्या कलमातील 'सार्वजनिक आणीबाणी' म्हणजे युद्ध, परकीय आक्रमण किंवा अंतर्गत अशांतता यांमुळे भारताच्या सुरक्षिततेस निर्माण झालेला गंभीर धोका. साथीने अर्थव्यवस्थेवर ओढवलेले संकट कितीही तीव्र असले तरी ते या व्याख्येत बसत नाही, असे न्यायालयाने ठरविले. परंतु निर्णय तेथेच थांबला नाही. योग्य मोबदल्यावाचून घेतलेले जादा काम हा संविधानातील जीविताच्या हक्काचा व वेठबिगारीपासून संरक्षणाचा प्रश्न आहे असे त्याने म्हटले. अनुच्छेद १४२ खालील अधिकार वापरून त्या काळात ज्यांनी काम केले त्या पात्र कामगारांना ५९ व्या कलमाप्रमाणे जादा वेतन देण्याचा आदेशही दिला. उत्तर प्रदेशातील अशीच अधिसूचना उच्च न्यायालयाने नोटीस काढल्यानंतर मे २०२० मध्येच मागे घेण्यात आली होती.

या निर्णयामुळे प्रश्न मिटला असा समज करून घेणे चुकीचे होईल. अधिसूचनेचा मार्ग बंद झाल्यावर कायद्याच्या दुरुस्तीचा मार्ग अधिक मोकळेपणाने अवलंबिला गेला. कर्नाटकाने २०२३ मध्ये दुरुस्ती करून बारा तासांच्या दिवसास वाट करून दिली. तमिळनाडूनेही त्याच वर्षीच्या एप्रिलात तसे विधेयक संमत केले, परंतु संघटनांच्या विरोधापुढे ते मागे घ्यावे लागले. त्याची घोषणा मुख्यमंत्र्यांनी मे दिनी केली. महाराष्ट्रात तिमाहीची मर्यादा २०१५ च्या दुरुस्तीने पंचाहत्तरावरून एकशेपंधरा तासांवर गेलीच होती. ३ सप्टेंबर २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दिवसाची मर्यादा नऊवरून बारा तासांवर आणि तिमाहीतील जादा कामाची मर्यादा एकशेचव्वेचाळीस तासांवर नेण्यास मान्यता दिली; कामगाराची लेखी संमती ही त्यातील एक अट. दुकाने व आस्थापना यांच्यासाठीही त्याच वेळी दिवसाचे नऊचे दहा तास व तिमाहीचे एकशेपंचवीसाचे एकशेचव्वेचाळीस तास असा निर्णय झाला.

या तिमाही आकड्यांचा अर्थ त्यांना आठवड्यात रूपांतरित केल्यावाचून उमगत नाही. तिमाहीत तेरा आठवडे असतात. पंचाहत्तर तासांची मर्यादा पूर्ण वापरली तर आठवड्यास सुमारे पावणेसहा तास, म्हणजे एकूण सुमारे चौपन्न तासांचा आठवडा होतो. हा १९३४ च्या कायद्याचा आकडा आहे. एकशेपंधरा तासांनी तो जवळजवळ सत्तावन्नावर जातो. एकशेचव्वेचाळीस तासांनी एकोणसाठ तास होतात, म्हणजे १९२२ च्या साठ तासांच्या आठवड्यास एका तासाचेच अंतर उरते. अठ्ठेचाळीस तासांचा आठवडा कायद्यात तसाच लिहिलेला राहतो. पण वर्षाच्या चारही तिमाह्यांत मर्यादा पुरेपूर वापरली गेली तर प्रत्यक्षातील आठवडा शंभर वर्षांपूर्वीच्या जवळ जातो. भेद एवढाच, की वरचे अकरा तास आता दुप्पट दराचे आहेत. तो भेद लहान नाही. आणि म्हणूनच दुप्पट कशाची, या प्रश्नास सर्वाधिक महत्त्व येते.

बारा तासांच्या दिवसाचे समर्थन बहुधा चार दिवसांच्या आठवड्याने केले जाते. बारा चोक अठ्ठेचाळीस. तीन दिवस सुटी. येथे एक बारकावा आहे. दुप्पट दराचा उंबरठा दिवसास नऊ तास असाच राहिला तर अशा आठवड्यातही रोज तीन, म्हणजे एकूण बारा तास दुप्पट दराचे ठरतात. उंबरठाही दिवसाच्या नव्या मर्यादेबरोबर वर सरकविला तर तेच बारा तास साध्या दराचे होतात. एकाच वेळापत्रकात, दराला हातही न लावता, कामगाराची मिळकत आठवड्यास बारा तासांच्या वेतनाइतकी बदलते. म्हणून दुरुस्ती वाचताना कामाच्या तासांचे कलम आणि जादा वेतनाचे कलम ही दोन्ही शेजारी ठेवून वाचावी लागतात. वृत्तपत्रांतील चर्चा बहुशः पहिल्यावरच थांबते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही श्रमसंहिता अमलात आल्या आणि १९४८ च्या अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची परिस्थिती संहिता, २०२० हिने घेतली. तिच्या २५ व्या कलमात दिवसाचे आठ तास स्पष्ट लिहिले आहेत. जुन्या नऊ तासांच्या तुलनेने ही प्रगतीच दिसते. २७ व्या कलमात जादा कामास दुप्पट दर आहे. हिशेब दिवसावर किंवा आठवड्यावर, कामगारास जो अनुकूल असेल तो धरावा असे म्हटले आहे. जुन्या कायद्यात हे इतक्या स्पष्टपणे नव्हते. कामगाराच्या संमतीवाचून जादा काम घेता येणार नाही हीही नवी तरतूद. मात्र विश्रांतीसह दिवसाचा एकूण काळ किती असावा, दुप्पट दर किती तासांनंतर लागावा आणि जादा कामाची कमाल मर्यादा काय असावी, हे सर्व समुचित शासनाने ठरवावयाचे आहे. जे आकडे अधिनियमात होते ते नियमांत गेले. केंद्राच्या २०२० च्या नियमांच्या मसुद्यात दिवसाचा एकूण काळ बारा तास व तिमाहीतील जादा काम एकशेपंचवीस तास असे प्रस्तावित होते. हे आकडे योग्य की अयोग्य हा वाद बाजूला ठेवला तरी एवढे खरे, की यापुढे ते बदलण्यास विधिमंडळातील चर्चेची गरज उरलेली नाही.

सूट देण्याचा अधिकारही पालटला आहे. जुन्या ५ व्या कलमाचे दार आणीबाणीच्या अरुंद व्याख्येने रोखलेले होते आणि २०२० चा निर्णय त्याच व्याख्येवर उभा होता. नव्या संहितेच्या १२७ व्या कलमाप्रमाणे आर्थिक व्यवहार व रोजगार वाढविणे सार्वजनिक हिताचे आहे अशी राज्य शासनाची खात्री झाल्यास नवीन कारखान्यांना संहितेच्या सर्व किंवा काही तरतुदींतून सूट देता येते. गुजरातच्या अधिसूचनेमागे जे आर्थिक कारण होते आणि जे न्यायालयाने अपुरे ठरविले, तेच कारण, नव्या कारखान्यांपुरते का होईना, आता कायद्याच्या शब्दांत समाविष्ट झाले आहे. अशा सुटीला आव्हान दिले गेल्यास कामगारपक्षाची सारी मदार संविधानाच्या अनुच्छेदांवर राहील. कलमाच्या शब्दांचा आधार त्यास पूर्वीसारखा मिळणार नाही.

आता वेतनाच्या व्याख्येकडे वळावे. वेतनसंहिता, २०१९ आणि तिच्या भगिनी-संहिता यांनी 'वेतन' या शब्दाचा अर्थ एकसारखा करण्याचा यत्न केला आहे. मूळ वेतन, महागाई भत्ता व धारणा भत्ता हे त्यात येतात. घरभाडे भत्ता, वाहन भत्ता, बोनस, भविष्यनिर्वाह निधीतील मालकाचा हिस्सा इत्यादी वगळले जातात. परंतु वगळलेल्या बाबींची बेरीज एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाल्यास वरचा भाग वेतनातच धरावयाचा. भविष्यनिर्वाह निधी व उपदान यांच्या दृष्टीने ही व्याख्या कामगारास हितकारक आहे, कारण मूळ वेतन नाममात्र ठेवून सारा पगार भत्त्यांत दाखविण्याच्या प्रथेस तीमुळे आळा बसतो. जादा वेतनाच्या बाबतीत मात्र तुलना करावयाची ती ५९ व्या कलमातील व्यापक व्याख्येशी, आणि तेथे चित्र उलटे होते.

एक कल्पित कामगार घेऊ. त्याचे मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून बारा हजार, घरभाडे व वाहन भत्ता मिळून सहा हजार, एकूण अठरा हजार रुपये. महिन्याचे सव्वीस दिवस व दिवसाचे आठ तास, म्हणजे दोनशेआठ तास धरले तर जुन्या व्याख्येने तासाचा दर ८६ रुपये ५४ पैसे व जादा कामाचा दर १७३ रुपये ८ पैसे होतो. नव्या व्याख्येत सहा हजार रुपये निम्म्याच्या आत असल्याने पूर्ण वगळले जातात. पाया बारा हजारांचा उरतो आणि जादा दर ११५ रुपये ३८ पैसे येतो. महिन्यास तीस तास जादा काम केल्यास फरक सुमारे सतराशे तीस रुपयांचा. आणखी एक पायरी पुढे जावे. वगळलेले भत्ते बरोबर निम्मे, म्हणजे नऊ हजार असतील, तर तासाचा दर ४३ रुपये २७ पैसे व त्याची दुप्पट ८६ रुपये ५४ पैसे. हा तर त्याच्या एकूण पगाराचाच तासाचा दर झाला. अर्थात कायद्यात 'दुप्पट' हा शब्द असूनही हातात पडते ती एकपट; आणि गुजरातच्या अधिसूचनेने जे उघडपणे केले तेच व्याख्येच्या वाटेने साधले जाते.

हा अर्थ अटळ आहे असे नव्हे. वेतनसंहितेतील एका परंतुकाने वेतन प्रदानाच्या प्रयोजनासाठी घरभाडे व वाहन भत्ता पुन्हा वेतनात धरले आहेत. जादा कामाचे वेतन हेही वेतन प्रदानच होय, असा युक्तिवाद करता येईल. तसेच जो भत्ता वगळलेल्यांच्या यादीत नाही, त्याला नाव काहीही दिलेले असले तरी तो मोबदल्याचा भाग म्हणून वेतनातच येतो, असेही म्हणता येईल. या दोन्ही मुद्द्यांवर न्यायालयांपुढे वाद होणे क्रमप्राप्त आहे. तोपर्यंत पगारपत्रकाची मांडणी कशी करावयाची हे ठरविणाऱ्याच्या हाती बरेच काही राहते.

संमतीच्या तरतुदीविषयीही थोडे लिहिणे अवश्य आहे. कायम कामगार, ज्याच्यामागे मान्यताप्राप्त संघटना आहे, तो नाही म्हणू शकतो. ठेकेदाराच्या पटावरील किंवा मुदतबंद नेमणुकीवरील कामगाराचे होय आणि नाही ही दोन्ही त्याच्या पुढच्या नेमणुकीशी बांधलेली असतात. त्याने भरून दिलेल्या संमतिपत्रास कितपत अर्थ आहे हे निराळे सांगावयास नको. शिवाय पुष्कळ कामगार जादा काम आपणहून मागतात हेही खरे आहे. साध्या वेतनात घर चालत नसले म्हणजे जादा काम हा मिळकतीचा नित्य भाग बनतो. ते बंद केले तर कामगारच प्रथम तक्रार करील. म्हणून तासांच्या मर्यादेचा प्रश्न किमान वेतनाच्या पातळीपासून अलग काढता येत नाही.

लहान कारखान्यांतील स्थिती वेगळी आहे. विजेच्या साहाय्याने चालणारा कारखाना पूर्वी दहा कामगारांपासून कायद्याच्या कक्षेत येई, नव्या संहितेत वीसपासून. विजेवाचून चालणाऱ्यासाठी वीसचे चाळीस झाले. दहा ते एकोणीस कामगारांची जागा 'आस्थापना' म्हणून तासांच्या कलमांखाली येते, परंतु कारखान्यास लागू असणाऱ्या विशेष तरतुदी तिला लागत नाहीत. दहाहून कमी माणसांच्या कार्यशाळेत, अशा कार्यशाळा महाराष्ट्रातील कोणत्याही औद्योगिक वसाहतीच्या मागच्या गल्लीत दिसतात, कामगारास मुख्यतः वेतनसंहितेच्या १४ व्या कलमाचा आधार उरतो. ते कलम किमान वेतन ठरलेल्या प्रत्येक कर्मचाऱ्यास जादा तासांसाठी निदान दुप्पट दर देते, आणि किमान वेतन आता सर्व रोजगारांस लागू असल्याने त्याची व्याप्ती पूर्वीपेक्षा मोठी आहे.

त्याच संहितेने मागणी दाखल करण्याची मुदत तीन वर्षांची केली आहे. पूर्वी ती किमान वेतन अधिनियमाखाली सहा महिने व वेतन प्रदान अधिनियमाखाली एक वर्ष होती. देय रक्कम दिल्याचे सिद्ध करण्याचा भारही मालकावर टाकला आहे. ही वाढ मोलाची आहे, कारण कामगार सहसा नोकरी सुटल्यानंतरच दाद मागतो. मात्र त्याने किती तास काम केले याचा पुरावा म्हणजे हजेरीपट, जादा कामाची नोंदवही किंवा दारावरील हजेरीयंत्राची नोंद, आणि ही तिन्ही साधने मालकाच्या अगर ठेकेदाराच्या ताब्यात असतात. बारा तासांच्या पाळीची नोंद आठ तासांची दाखविली गेली असेल तर तीन वर्षांची मुदत आणि दुप्पट दर ही दोन्ही त्या नोंदीपाशी येऊन अडतात.